पाण्यावर न वाजणारा फोन

माझा नवरा गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात मासे धरतो. आमचं मूळ गाव वैनगंगेच्या काठावर होतं. ते धरणात गेलं आणि आम्ही पुनर्वसनाच्या गावात राहायला आलो. इथून पाणी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे. सगळ्या कामांची माहिती फोनवर भरायची असल्यामुळे मला फोनची सवय झाली. नवऱ्याला ती कधी झाली नाही. त्याच्यासाठी फोन म्हणजे दोन गोष्टी. एक, बोलायचं. दुसरी, तो ओरडला की चार्जिंगला लावायचा.

'ओरडला' हा त्याचाच शब्द. बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की फोन टुंग करतो आणि वर बारीक अक्षरात बॅटरी संपत आल्याचं सांगतो. बाकीची माणसं झोपताना फोन चार्जिंगला लावतात. माझा नवरा लावत नसे. "त्याले भूक लागली का तो सांगते," असं त्याचं म्हणणं. "आपण कायले आधीच चारावं?" आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षं त्याचं हे चाललं. फोन ओरडायचा, हा उठून वायर खुपसायचा.

संध्याकाळी जाळी टाकायची आणि पहाटे डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, जाऊन उचलायची, असं त्याचं काम. परतायला निघाला की तो मला फोन करतो आणि फक्त "निघालो" म्हणतो. मग मी पवनीच्या मासळीच्या व्यापाऱ्याला कळवते आणि घमेलं घेऊन काठावर जाते. मासे निवडून बरफाच्या पेटीत भरेपर्यंत व्यापाऱ्याची गाडी येते. त्यानंतर मी आंघोळ करून अंगणवाडी उघडते. आमच्या सकाळची सगळी घडी त्या एका शब्दावर बसलेली.

मागच्या हिवाळ्यात ती घडी विस्कटायला लागली. "निघालो"चा फोन यायचाच नाही. मी लावला तर बाईचा आवाज, की समोरचा फोन बंद आहे. उन्हं वर आली की नवरा काठावर यायचा, फोन मेलेला.

"रात्री पाहून ठेवाचं नाई का?" मी म्हणायची.

"पाहाचं काय? वाजलाच नाई तो."

"वाजला असन. तुमी आयकला नसन."

"मी काय बहिरा आहो का?"

हे संभाषण आमच्यात इतक्यांदा झालं की पुढे पुढे पहिल्या वाक्यालाच दोघं गप्प व्हायचो. मी मनातून ठरवून टाकलं होतं की दोष माणसाचा आहे. तरी एका दुपारी फोन हातात घेऊन बसले. आवाज पूर्ण वर होता. सूचनांचा सूर बदलून पाहिला, वाजला. फोन बंद करून पुन्हा चालू केला. फोन उलटा धरला तर आवाजाच्या बारक्या भोकांत माशाचे खवले अडकलेले. चांगले दोन-तीन, वाळून चिकटलेले. मला वाटलं, सापडलं. जुन्या दात घासायच्या ब्रशने ते काढले, पाणी गेलं असेल म्हणून फोन तांदळाच्या डब्यात ठेवला. संध्याकाळी नवरा डबा उघडून फोन काढताना म्हणाला, "आता भात पण याच्यातच शिजवजो."

दोन-चार दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. आणि माझ्याच लक्षात आलं की खवल्यांचा दोष असता तर माझा फोनही त्याला नीट ऐकू आला नसता. तो पाण्यावर असताना मी मध्येच फोन केला तर तो पहिल्या घंटीला उचलायचा. म्हणजे आवाज निघत होता. फक्त तो एक टुंग निघत नव्हता.

त्यानंतर धुक्याची सकाळ आली. धुकं आमच्याकडे थंडीत नवीन नाही, पण त्या दिवशी काठावर उभं राहिलं तर पाणी कुठून सुरू होतं ते दिसत नव्हतं. बाकीचे डोंगे परत आले होते. ज्यांनी जवळ जाळी टाकली होती ते अंदाजाने काठाला लागले. माझा नवरा लांब जातो. त्याचा फोन आला नाही. मी लावला, बंद. थांबून पुन्हा लावला, बंद.

माझी मोठी जाऊ शेजारीच राहते. मी तिला बाई म्हणते. ती शेण टाकून हात धुवायला काठावर आली होती. मला पाहून म्हणाली, "आला नाई का अजून?"

"नाई. फोनबी बंद आहे."

तिने माझ्या पायाजवळचं लोखंडी घमेलं उचललं, पालथं केलं आणि एक दगड माझ्या हातात दिला. "वाजव," म्हणाली. "नदीवर होतो तवा माहे सासरे असेच वाजवत. आवाज आयकून येते माणूस."

मी वाजवायला लागले. आधी लाज वाटली, कारण धुक्यात चार माणसं उभी होती आणि मी घमेलं बडवत होते. मग लाज गेली. हात दुखला की बाई घ्यायची. तिचा दुखला की मी. मध्ये मध्ये थांबून कान द्यायचो. पाण्याकडून काहीच यायचं नाही, पाखरांचासुद्धा आवाज नव्हता. मी तेव्हा काय विचार केला ते मला नीट आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की घमेल्याच्या बुडाला एक जुना पोचा होता आणि मी सारखी त्या पोच्यावरच दगड मारत होते.

बऱ्याच वेळाने धुक्यातून हाक आली. ती आमच्या समोरून नाही, भलतीकडून आली. बाईने घमेलं आणखी जोरात वाजवलं. मग वल्ह्याचा आवाज, मग डोंग्याचं तोंड, मग नवरा. त्याच्या कमरेपर्यंत जलपर्णी चिकटलेली होती. तो जलपर्णीच्या पट्ट्यात शिरला होता, आणि तिथून निघून काठ समजून भलत्याच दिशेला वल्हवत होता. घमेल्याचा आवाज पाठीमागून आला तेव्हा त्याला कळलं की आपण काठापासून दूर चाललोय.

डोंगा ओढताना तो एवढंच म्हणाला, "फोन लावाले काढला तं मेलेला. वाजला नाई वो तो."

त्या दिवशी मी "तुमी आयकला नसन" म्हणाले नाही. व्यापाऱ्याची गाडी निघून गेली होती. मासे शेजारीपाजारी वाटले, उरलेले बाईने वाळवायला घातले.

घरी आल्यावर बाईने मला बाजूला घेतलं. "त्याचे कान तपासून घे," म्हणाली. "बारीक आवाज जात असन. आपल्यात होते असं, थंडी कानात बसते." मला ते पटलं. मग मी चोरून त्याचे कान तपासायला लागले. तो जाळं विणत बसला की मागून हळूच वाटी ठेवायची. स्वयंपाकघरातून बारीक आवाजात "चहा घेता का" म्हणायचं. चहाच्या बाबतीत त्याचे कान उत्तम निघाले. दोन-तीनदा असं झाल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "काय तपासून राहिली ते विचार ना सरळ."

मग आम्ही सरळ तपासायचं ठरवलं. रविवारी दुपारी अंगणात खाट टाकली, मध्ये त्याचा फोन ठेवला आणि त्याची बॅटरी संपवायला बसलो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. रोज नको तेव्हा संपणारी बॅटरी त्या दिवशी संपेना. टॉर्च लावला. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. मग त्याच्या भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ लावले, एकामागून एक. त्यात माझा नवरा वरातीत नाचताना दिसला. मी तो नाच कधी पाहिला नव्हता, कारण मी तेव्हा आत बायकांत होते.

"हे कधी नाचले तुमी?"

"सारेच नाचून राहिले होते," तो म्हणाला आणि पडदा माझ्याकडून थोडा फिरवून घेतला.

बाई भिंतीपलीकडून विचारत होती, "संपली का?" आम्ही म्हणायचो, "नाई अजून." अशी दुपार गेली. एकवीस, वीस, एकोणीस. सतरावर ती बराच वेळ अडून बसली. आम्ही दोघं त्या आकड्याकडे पाहत होतो. आणि पंधरावर फोन टुंग वाजला. स्वच्छ, मोठ्याने. वर सूचनेची पट्टीही आली. माझ्याआधी नवऱ्यानेच मान हलवली.

"पाह्य," तो म्हणाला. "वाजला. अन् मी आयकला."

त्याला फार बरं वाटलं. कान दोषातून सुटले आणि फोनही सुटला. मला मात्र उलट झालं. कान ठीक, फोन ठीक, मग पाण्यावर काय होतं? घरी वाजतो आणि डोंग्यात वाजत नाही, असं फोनला कसं कळतं? मी अंगणवाडीच्या फोनची बरीच दुखणी काढली होती, पण असं जागा पाहून रुसणारं दुखणं पाहिलं नव्हतं.

"मी येते उद्या डोंग्यात," मी म्हणाले.

लग्न झाल्यावर नदीवर मी त्याच्यासोबत जायची. धरणाचं पाणी भरल्यापासून गेले नव्हते. मुद्दाम टाळलं असं नाही. नोकरी लागली, सकाळचा वेळ उरला नाही. निदान मी स्वतःला तसं सांगत आले होते.

"थंडी लागन," तो म्हणाला.

"सेटर आहे माह्याजवळ."

रात्री आम्ही फोन मुद्दाम अर्धपोटी ठेवला. माझा पूर्ण भरून घेतला, म्हणजे वेळ आली तर एक तरी चालू असावा. पहाटे निघालो. धुकं नव्हतं. नवरा वल्हवत होता आणि मी त्याचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मांडीवर घेऊन बसले होते, टॉर्च लावून, बॅटरी लवकर उतरावी म्हणून.

पाण्यात जागोजागी वाळलेल्या झाडांचे शेंडे उभे आहेत. त्यांतल्या एकापाशी त्याने डोंगा थांबवला. जाळ्याची दोरी तिथे बांधलेली होती. तो दोरी सोडायला लागला आणि सहज म्हणाला, "ही आपली चिच."

मला आधी समजलं नाही.

"मागच्या आंगनातली," तो म्हणाला. "घर याच्या खाली आहे. थोडं इकडे, तुया बाजूले."

मी खाली पाहिलं. काळं पाणी होतं, दुसरं काही नाही. त्या चिंचेखाली मी भांडी घासली होती, लेकराला न्हाऊ घातलं होतं. हा माणूस रोज संध्याकाळी येऊन तिला दोरी बांधत होता आणि पहाटे सोडत होता, आणि हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

"काहून नाई सांगतलं?"

"काय सांगाचं? इथी मासा चांगला लागते." तो जाळं ओढू लागला. कतला होते, बारीक झिंगे होते. मी फोनकडे पाहायचं विसरले होते. एकदम आठवण झाली आणि पाहिलं तर सोळा.

सोळाचे पंधरा झाले. पट्टी आली. बॅटरी कमी आहे असं लिहिलेली तीच कालची पट्टी वरून उतरली आणि थोडा वेळ थांबून निघून गेली. पण आवाज नाही. टुंग नाही, थरथर नाही. फोन सांगत होता, पण आवाज न करता. आणि ज्याला सांगायचं त्याचे दोन्ही हात जाळ्यात आणि फोन पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत.

"वाजला का?" नवऱ्याने विचारलं.

"नाई वाजला."

"मंग?" तो म्हणाला. त्यात जिंकल्याचा सूर होता, पण मी तो सोडून दिला, कारण मला पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं होतं. एक बारीक चंद्राची कोर. काल दुपारी ती तिथे नव्हती. मी बोटाने पट्टी खाली ओढली. 'व्यत्यय आणू नका' असं लिहिलेलं होतं आणि ते चालू होतं. आत गेले तर वेळ लावून ठेवलेली. रोज पहाटे चालू व्हायचं आणि सकाळी ऊन चढल्यावर आपोआप बंद. त्या वेळात कुठलाच आवाज करायचा नाही, असा हुकूम. फक्त एका नंबरचा फोन आला तर वाजायचं. तो नंबर माझा होता.

म्हणून दुपारी वाजत होता. म्हणून माझा फोन त्याला पाण्यावर लागत होता. सगळं एकदम जुळलं. फक्त हे लावलं कोणी, ते कळलं नाही.

"हे कोणं करून देलं तुमाले?"

त्याने हात थांबवले. मी पडदा त्याच्याकडे केला. चंद्र त्याला ओळखू आला नाही, पण मी समजावून सांगितलं तसं त्याच्या लक्षात आलं.

"पवनीच्या मोबाइलवाल्यानं," तो म्हणाला. "मीच सांगतलं होतं. सकाळी गुरुपमदे फुलं येतेत, देवाचे फोटो येतेत. सारखा टुंग टुंग. दर खेपी वाटे का तुयं काही असन. हात पुसून, पिशवी खोलून पाहाव तं गुलाबाचं फूल. मी त्याले म्हटलं का सकाळी फक्त घरचा फोन वाजला पाह्यजे, दुसरा कोनाचा नाई."

"कधी सांगतलं?"

"पावसाळ्यात. तू पडली होती ना, त्याच्यानंतर."

त्या पावसाळ्यात मी अंगणवाडीत चक्कर येऊन पडले होते. रक्तदाब वाढला होता. दवाखान्यातून आणल्यावर तो दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा पाण्यावर गेला, आणि मला ते लागलं होतं. मी कोणाला बोलले नाही, पण लागलं होतं. त्यानंतरच कधीतरी हा पवनीला जाऊन मोबाइलवाल्याला हे सांगून आला होता. चंद्राखाली फोनचं स्वतःचं ओरडणंही बंद होईल हे त्याला ठाऊक नव्हतं. मोबाइलवाल्यालाही कदाचित सुचलं नसेल. त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्याने केलं.

"मले सांगाचं ना," मी म्हणाले.

"तुले सांगतलं असतं तं तू म्हणाली असती, काई होत नाई मले."

ते खरं होतं. मी तसंच म्हणाले असते. तो पुन्हा जाळं ओढायला लागला. इतक्यात माझ्या मांडीवरचा फोन काळा पडला. पंधरावर पट्टी दाखवली होती, पाच टक्केसुद्धा पाहायला मिळाले नाहीत. थंडीत त्याने एकदम जीव सोडला होता. म्हणजे आणखी एक दुखणं होतंच. सूचना वाजली असती तरी तिच्यानंतर फारसा वेळ मिळाला नसता.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला आणि आधी ती चंद्राची वेळ काढून टाकली. नवरा म्हणाला, "मंग फुलं येतीन ना परत." ते बरोबर होतं. मग आम्ही दोघं बसलो आणि एकेक ग्रुप मुका करत गेलो. भाचीच्या लग्नासाठी काढलेला ग्रुप, तो अजून चालू होता. मासेमारांचा ग्रुप. कोणा पुतण्याच्या दुकानाचा ग्रुप. प्रत्येकाच्या वेळी मी विचारायची, "हा?" आणि तो म्हणायचा, "कर." एका ग्रुपवर तो थांबला. त्यात आमच्या बुडालेल्या गावची माणसं आहेत, जी आता चार ठिकाणी राहतात. तिथे सगळ्यांत जास्त फुलं येतात.

"हा राहू दे," तो म्हणाला.

"मंग हात पुसा दर खेपी."

"पुसीन."

पवनीला आम्ही दोघं सोबत गेलो. मोबाइलवाला माझ्याहून वयाने मोठा, शांत माणूस आहे. मी त्याला सगळं सांगितलं तर तो कपाळाला हात लावून हसला. "ताई, मले वाटलं का हे झोपेसाठी म्हणून राहिले. पाण्यावर जातात हे माह्या ध्यानातच नाई आलं." बॅटरी जुनी होऊन मध्ये फुगली होती. मागचं झाकण काढलं तेव्हा ती वर आलेली दिसली. त्याने नवी घातली. टक्के आता खरे दिसतील, म्हणाला, आणि थंडीत फोन अंगाला लागून ठेवा.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी असेल, मी काठावर घमेलं घेऊन जायच्या तयारीत होते आणि नवऱ्याचा फोन आला. 'निघालो' म्हणण्याची त्याची वेळ अजून झाली नव्हती, म्हणून मी घाबरून उचलला.

"काय झालं?"

"काई नाई. फोन ओरडला."

"मंग?"

"मंग काई नाई. तुले सांगाले लावला. आता बंद करून ठेवतो, म्हणजे येताना लावाले उरन."

पाठीमागे पाण्याचा आवाज येत होता. कुठला तरी बगळा ओरडत होता. मी म्हणाले, "बरं." त्याने फोन ठेवला. मी चूल पेटवली आणि चहाचं आधण चढवलं, कारण अजून वेळ होता.